फिरत्या गाडीची आग्नेय दिशा

माझी थोरली मुलगी जन्मली तेव्हा होले मास्तर तिला पाहायला आले. त्यांच्या बायकोनं, गोदाकाकूंनी, पाठवलेलं झबलं त्यांनी माझ्या आईच्या हातात दिलं, पाळण्यावर वाकले, आणि मग मान वर करून खोलीच्या चारही भिंती निरखू लागले.

"पोरगी गोड हाये," ते म्हणाले. "पण या कोपऱ्यात पॉइंट नाही."

पॉइंट म्हणजे विजेचा. बटण आणि प्लग खोचायची जागा. आईला ते ठाऊक नव्हतं. खोलीत काहीतरी दोष आहे असं समजून तिनं संध्याकाळी मीठमोहरी ओवाळून टाकली.

होले मास्तर लोकांकडे जात ते भिंतींना भेटायला. एकदा एका मयताच्या घरी, तिरडी बांधणं चाललेलं असताना, त्यांनी मला कोपरानं ढोसून ओसरीवरची लोंबती तार दाखवली होती. "आता याहून मोठा धक्का या घराले काय बसन. पण ते तार बांधून घ्या म्हणा त्यायले." कोणी पोराच्या अभ्यासाची तक्रार करो, कोणी सुनेच्या तोंडाची, मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं: "त्याले काय लागते जी, एक पॉइंट." पोराला टेबलावर दिवा द्या, सुनेला चुलीपाशी पंखा द्या. घरातली निम्मी भांडणं उकाड्याची असतात, असं त्यांचं मत. अमरावतीत मे महिना काढलेला माणूस या मताला हसेल, पण ते खोडून काढणार नाही.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते विज्ञान शिकवत, मी संस्कृत. घरंही समोरासमोर. त्यांचं घराणं फुलांच्या आणि भाजीच्या मळ्याचं. लढाईच्या काळात ते लष्कराच्या वर्कशॉपात होते, तिथे गाडी चालवायला आणि वीज जोडायला शिकले. मी भिक्षुकाच्या घरातला म्हणून वयानं लहान असूनही ते मला भटजी म्हणत. माझा स्वभाव सगळं मनाला लावून घेण्याचा. शाळेत एखाद्या पोराला छडी मारली तर मला दोन दिवस जेवण जात नसे. मास्तरांनी त्याचं निदान केलं होतं. "भटजी, तुमच्या डोक्यात फ्यूज नाही. एवढ्यातेवढ्यानं आखं घर जळते."

पन्नासनंतरच्या कुठल्याशा वर्षी अकोल्याला लष्करी सामानाचा लिलाव झाला आणि मास्तर तिथून एक जुनी अँब्युलन्स घेऊन आले. गल्लीत शिरताना ती बंद पडली. शाळेतल्या पोट्ट्यांनी ती ढकलत त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली आणून लावली. मास्तर आत सुकाणू धरून एखाद्या नवरदेवासारखे बसले होते.

गाडी कशासाठी, हे त्यांनी त्याच दिवशी गल्लीला सांगितलं. गोदाकाकू लग्न होऊन अंजनगाव सुर्जीहून अमरावतीला आल्या, त्यानंतर त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास अकोल्यापर्यंतचा. मूलबाळ नव्हतं. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याकडे एकच मागणं केलं होतं. "एवढं पाणी एका जागी कसं राहते, ते एकदा पाह्यचं हाये मले." समुद्र. मास्तरांनी ठरवलं होतं की या गाडीतच संसार थाटायचा, वाटेत वाटेल तिथे मुक्काम करायचा, आणि काकूंना समुद्रापर्यंत न्यायचं.

काकूंनी गाडीभोवती एक फेरी मारली. "याच्यात मानसं मेले असतीन," त्या म्हणाल्या. "मी नाही बसत."

म्हणून घराची करतात तशी गाडीची शांत करायचं ठरलं आणि ती मी केली. वडील असते तर त्यांनी मला बाहेर काढलं असतं, पण मास्तरांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. गाडीचं तोंड पूर्वेला करून कलश मांडला, आणि इंजिनावर हळदकुंकू वाहिलं. सगळं नीट पार पडलं आणि मग काकूंनी विचारलं, "भटजी, आग कोण्या कोपऱ्यात ठेवाव?"

"आग्नेयेला," मी म्हणालो. "देव ईशान्येला."

"मंग गाडी वळली का?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण शास्त्र विचारलं की माझ्या अंगात वडील येतात. मी गंभीरपणे म्हणालो, "गाडी वळली तरी दिशा वळत नाहीत."

मास्तर दिवसभर विचारात होते. संध्याकाळी पेन्सिल कानावर ठेवून आले. "सुटला प्रश्न. चारी कोपऱ्यात पॉइंट."

गाडी जिकडे तोंड करून उभी राहील, तिकडे होकायंत्र पाहायचं. जो कोपरा आग्नेय निघेल तिथे स्टोव्ह, जो ईशान्य निघेल तिथे देव. मात्र स्टोव्हपाशी उजेड हवा आणि देवापाशी दिवा. म्हणून बारा व्होल्टचे चार पॉइंट, आणि वायरला टांगलेले दोन बल्ब, कुठेही खोचता येतील असे. सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या त्यांनी बाकाखाली एकमेकींना जोडल्या. तार बोटाएवढी जाड घातली. घरच्या विजेला बारीक तार पुरते आणि हिला एवढी जाड कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "थोड्या जोराच्या मानसाले रस्ता रुंद लागते, भटजी. नाही तर वाटेतच दमते." प्रत्येक पॉइंटला वेगळा फ्यूज. जगातल्या कुठल्याही गाडीत शास्त्राधारानं एवढी वायरिंग झाली नसेल.

काकूंनी सगळं पाहिलं. "पंखा?"

घरचा टेबलफॅन बॅटरीवर चालत नाही. मास्तर पुन्हा अकोल्याला गेले आणि लष्करी वायरलेसचं एक यंत्र घेऊन आले. ते एका टोकानं बॅटरीची वीज खाई आणि दुसऱ्या टोकानं घरच्यासारखी दोनशे तीस व्होल्टची वीज देई. चालू केलं की गल्लीच्या टोकापर्यंत गुंजारव ऐकू जाई. मास्तरांनी त्याचं नाव भुंगा ठेवलं. घरच्या विजेचा प्लग चुकून बारा व्होल्टात शिरू नये म्हणून भुंग्याच्या पॉइंटची भोकं वेगळी ठेवली. पंखा फिरला तेव्हा मास्तरांनी माझा हात धरून त्या वाऱ्यात धरला.

काकू म्हणाल्या, "याच्या घूंघूंत जप कसा व्हईन?"

यावर उपाय फक्त वऱ्हाडातल्याच माणसाला सुचेल. मास्तरांनी भुंग्याला लाकडी पेटीत घातलं आणि पेटीत जिनिंगमधून आणलेला कापूस गच्च भरला. आवाज बसला. थोड्या वेळानं पेटीतून धूर यायला लागला. यंत्राला वारा लागतो हे विज्ञानाच्या मास्तरांना माहीत होतं, पण बायकोचा जप मोडू नये या घाईत ते त्या दिवशी विज्ञान विसरले. आम्ही बादल्या ओतल्या. काकू तुळशीपाशी उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "झाली आग. आग्नेयच व्हती ना, भटजी?"

असं वर्षानुवर्षं चाललं. भुंगा गाडीच्या बुडाखाली गेला, तर काकूंना पायरी उंच वाटली. पायरी झाली, तर पायरीवर उजेड नव्हता. गल्लीत बायका म्हणत, म्हातारी हेकट आहे. त्या भल्या माणसाला झुलवते आहे. मलाही तसंच वाटे. मास्तर निवृत्त झाले, पण काकू गाडीत चढल्या नाहीत.

मग एका दिवाळीनंतर मास्तर म्हणाले, "भटजी, मोझरीपर्यंत चला. एकदा पक्की परीक्षा घेऊ." मी मागे बाकावर बसायचं आणि काकूंना काय काय खुपेल ते शोधायचं, असं ठरलं. "आजच्या दिवस तुमी गोदावरी समजा," ते म्हणाले. गाडी निघाली. पंखा चालू होता. थोड्या थोड्या वेळानं समोरून प्रश्न येई: "वारा लागते काय?" मी काकूंच्या वतीनं लागते म्हणे.

रस्त्यावरचे मैलाचे दगड त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावले. "तुमचा उच्चार चांगला हाये," म्हणाले. मी खुशीनं वाचत गेलो. एका वळणावर कडब्याची गंजी होती, तिला त्यांनी दोनदा हॉर्न दिला. मला हसू आलं. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमापाशी चहा घेतला, आणि तसेच परत आलो. एकही फ्यूज गेला नाही.

मास्तर गाडी धुवायला लागले आणि मी तडक काकूंकडे गेलो. त्या परसात अंबाडीची भाजी खुडत होत्या.

"काकू, आता हो म्हणा," मी म्हणालो. "दिवा लागतो, पंखा लागतो, भुंगा ऐकूही येत नाही. किती ताटकळत ठेवाल त्यांना?"

"गंजीले हार्न देल्ला काय त्यायनं?" काकूंनी वर न बघता विचारलं.

"दोनदा. तुम्हाला कसं कळलं?"

"मांगं निंबाले देल्ला व्हता. आपल्याच अंगणात." त्यांनी भाजी पदरात घेतली. "त्यायले दूरचं दिसत नाही, भटजी. मी फाटकात उभी असली का बाजूनं निघून जातेत. मी खाकरली का मंग म्हणतेत, इथंच हाये काय तू. अकोल्याच्या डोयाच्या डाक्टरकडं एकटेच गेले. आले तं चष्मा नाही. म्हणे डोये पक्के हायेत. अन् त्या दिवशी जेवले नाही."

मैलाचे दगड मी कशासाठी वाचले ते मला तेव्हा कळलं.

"मग त्यांना स्पष्ट सांगा ना," मी म्हणालो.

"काय सांगू? गाडी तयार झाली का ते चालवतीन. चालवू नका म्हणलं, तं त्यायच्यापाशी राह्यलं काय? म्हून मी खोड काढतो. लोकं हेकट म्हणतेत, म्हणू द्या."

"ड्रायव्हर ठेवू एखादा."

"त्या शीटवर दुसरा बसला का हे मांगं बसतीन. पेशंटवानी. मंग ते पुन्हा अँबुलन्सच व्हईन."

"आणि समुद्र?"

"तो काय आटून चालला काय?" काकू म्हणाल्या. मग पदरातली भाजी सावरत, "भटजी, तुमच्या पोथीत काही नवीन सापडते काय पाहा. माह्याजवळचं सरलं."

मी पाहिलं. उत्तरेला डोकं करून झोपू नये, हे मी मास्तरांना जाऊन सांगितलं. गाडी कुठल्याही तोंडाची असली तरी उशाशी दिवा हवा, म्हणून बाकाच्या दोन्ही टोकांना दोन पॉइंट वाढले. मग जेवताना दक्षिणेला तोंड नको. त्याचे आणखी दोन. शास्त्राच्या नावावर मी तसं भारंभार बोललो, आणि एरवी बारीकसारीक गोष्टींनी झोप उडणाऱ्या मला त्याचं कधी काही वाटलं नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. माझे हातपाय तेव्हा धड होते, डोळे चांगले होते. मी गाडी शिकू शकलो असतो. मास्तरांनी मला शेजारी बसून शिकवलं असतं आणि शिष्य म्हणून ती सीट मला दिलीही असती. हे मला सुचलं तेव्हा फार उशीर झाला होता. काकूंनी समुद्र पाहिला नाही.

एक संध्याकाळ मात्र सांगायला हवी. उन्हाळा होता. गल्लीतली वीज गेली होती आणि सगळी माणसं ओट्यांवर पदरानं, टोपीनं वारा घेत बसली होती. मास्तरांच्या अंगणात गाडीत उजेड दिसला म्हणून मी गेलो. मागचं दार उघडं होतं. काकू आत बाकावर बसून तांदूळ निवडत होत्या. माझ्या माहितीत त्या पहिल्यांदाच गाडीत चढल्या होत्या. पंखा चालू होता. मास्तर पुढे सुकाणू धरून बसले होते, इंजिन बंद होतं. मी कडुनिंबापाशीच थांबलो.

"कुठं आलो?" काकूंनी विचारलं.

"मूर्तिजापूर गेलं. आता अकोला येईन."

"लय लवकर आलं."

"रस्ता खाली हाये."

काकूंनी एक खडा काढून दाराबाहेर टाकला. "अकोल्याच्या म्होरं मी कधी गेली नाही."

"म्होरं भुसावळ. तिथं केळी घेऊ. मंग नाशिक, मंग घाट. घाट उतरला का पाणी."

"दिसलं का सांगजा. नाही तं मी आपली तांदळातच पाह्यत राहीन."

मास्तरांचे हात सुकाणूवर तसेच होते.

"तूच पाह्य," ते म्हणाले. "मले दिसत नाही."

काकूंनी तांदळाचं ताट बाकावर ठेवलं. वाकून, टपाला हात टेकत त्या पुढे गेल्या आणि मास्तरांच्या शेजारच्या सीटवर बसल्या. लुगड्याचा पदर नीट केला. समोरच्या काचेतून अंगण दिसत होतं, फाटक दिसत होतं, आणि पलीकडे अंधारत चाललेली आमची गल्ली.

"बरं," त्या म्हणाल्या. "म्होरं वळण हाये. हळू घ्या."

मास्तरांनी ब्रेकवर पाय ठेवला.