आरूची सहा स्टॉपांची तपासणी

माझ्या धाकट्या नणंदेच्या पाठवणीला आम्ही सगळ्या बायका डोळ्याला पदर लावून उभ्या होतो. नवरी गाडीत बसली, दार लागलं, आणि गर्दीतून वाट काढत दिगांबरकाका पुढे आले. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "रैट, रैट." ड्रायव्हर बिचारा हुकमाचा ताबेदार, त्यानं गाडी सोडली. नवरदेव अजून मांडवाच्या दाराशी बूट शोधत होता. माझे सासरे काकांवर भडकले, तर काका शांतपणे म्हणाले, "मानूस मागून येते जी. गाडी टाइमावर पायजे."

हे आमचे आदिलाबादमधले भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. तीस वर्षं उटनूर-नार्नूरच्या बसवर कंडक्टर होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण बस त्यांच्या अंगातून काही उतरली नाही. माणूस बसत म्हणून नाही. आमच्याकडे आले की एक हात दाराच्या चौकटीला वर धरून उभे, चहाही उभ्यानंच. मी बोलता बोलता मुद्दा सोडला की मध्येच "होल्डान" म्हणून मला थांबवणार आणि मागच्या वाक्याला नेऊन सोडणार. मी सरकारी शाळेत मराठी माध्यमाची मास्तरीण. वीस वर्षं पोरांना गप्प बसवत आले, पण या माणसापुढे मीच गप्प बसते.

आणि आवाज! इंजिनाच्या वर चढायची सवय लागलेला गळा तो, खाली येतच नाही. त्यांच्या घरचं मीठ संपलं की आमच्या घरात कळतं. हळू बोला म्हणून काकू जन्मभर सांगून थकल्या आणि गेल्या. काकांना शेकडो गोष्टी येतात. त्यातली इंद्रवेल्लीला कुणाच्या तरी पिशवीतून सुटलेल्या कोंबडीनं त्यांच्या कातडी बॅगेत अंडं घातल्याची गोष्ट आमच्या गल्लीत कुत्र्यांनासुद्धा पाठ असेल. काका चौकटीला हात लावताना दिसले की लोकांना गॅसवरचं दूध आठवतं. मलाही आठवतं, खोटं कशाला बोलू?

ऐकणारी एकच होती, त्यांची नात आरू. मुलगा आणि सून दोघंही हैदराबादला नोकरीला, पोरीकडे बघायला कुणी नाही, म्हणून ती दोन वर्षांपासून आजोबांजवळ होती. या एकट्या माणसानं तिला न्हाऊमाखू घातलं, तिच्या दोन शेंड्या बांधल्या. त्यातली एक कायम वर आणि एक खाली. काका गोष्ट सांगायला लागले की ही हातातलं खेळणं टाकायची, मान वर करायची आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसायची. काका मला हाक मारून दाखवायचे, "पाह्यलं का मास्तरीणबाई? याले म्हनते ध्यान देनं. तुमच्या शाळंत हाये का असं एक तरी लेकरू?" नव्हतं, हे मला कबूल करावं लागायचं.

मग आरूला चौथं वर्ष लागलं आणि शाळेचा प्रश्न आला. मुलगा म्हणाला, जूनमध्ये आदिलाबादच्या शाळेत घेतलं तर राहू दे तिथं, नाही तर आम्ही घेऊन जातो. काकांनी चौकातल्या एका शाळेतून फॉर्म आणला. फॉर्मच्या मागे डॉक्टरनं भरायचा कागद होता. जीभ, दात, डोळे, कान, छाती, वजन, शेवटी सही-शिक्का. काकांनी तो कागद पाहिला आणि त्यांचं अन्नपाणी गोड लागेना. त्यांच्या मते ती परीक्षा होती. नापास झाली की पोरगी हैदराबादच्या गाडीत.

मी लाख सांगितलं की अहो, ही नुसती तपासणी असते, यात पास-नापास नसतं. पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू. तपासणीचा त्यांनी रूट केला. पहिला स्टॉप जीभ, दुसरा दात, मग डोळे, कान, छाती आणि आखरी स्टॉप वजन. आरूला स्टुलावर उभं करायचं, समोर स्वतः उभं राहायचं आणि हातानं खूण करत स्टॉपाचं नाव पुकारायचं. जीभ बाहेर, रैट. दात दाखव, रैट. कानाच्या स्टॉपाला बॅटरी लावून दोन्ही कानांत डोकावायचे, "एकदम सफा" म्हणायचे आणि गाडी पुढे. सकाळी तीन फेऱ्या, संध्याकाळी तीन. दिवसातून चार वेळा पोरीचे दात घासून घेतले. वजनासाठी किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर तिला एका दिवशी इतक्यांदा उभी केली, की दुकानदार म्हणाला, काका, आता हिला ज्वारीबरोबर विकूनच टाका. मला पांढरी ओढणी गुंडाळून डॉक्टरीण व्हावं लागलं. मी चिडले की काका म्हणायचे, "तुमचं काय बिघडते? माही पोरगी चालली."

त्या आठवड्यात माणूस रात्रंदिवस अंगणात येरझारा घालत होता. गाडी बिघडून भर उन्हात रस्त्यावर अडकलेल्या कंडक्टरसारखा.

तपासणीच्या दिवशी मला सोबत नेलं, कारण मास्तरीण असली की वजन पडतं म्हणे. दवाखान्यात तसलेच फॉर्म घेतलेल्या आयांची ही गर्दी. डॉक्टरीण तरुण होती, आमच्याशी हिंदीत आणि पोरांशी तेलुगूत बोलत होती. तिनं आधी छातीला नळी लावली. आरूनं जीभ बाहेर काढली. डॉक्टरीण हसली आणि म्हणाली, दात दाखव. आरूनं डोळे फाडले. मी मागं वळून पाहिलं तर खुर्चीमागून काकांच्या खुणा चालल्या होत्या. डॉक्टरीण उलटसुलट निघाली तरी त्यांची बस ठरलेल्या रूटनंच जात होती. मला हसू आवरेना. डॉक्टरणीनं काकांना दाराबाहेर उभं केलं.

मग आरूच्या हातात एक लाकडी खेळणं देऊन ती तिच्या पाठीमागे गेली आणि हळू आवाजात तिला हाक मारली. आरू खेळत राहिली. डॉक्टरीण मला म्हणाली, तुम्ही मराठीत बोलवा. मीही मागून हळूच म्हटलं, आरू, चॉकलेट. काही नाही. माझं हसू तिथंच जिरलं.

डॉक्टरीण म्हणाली, लहान मुलं खेळात असली की वळत नाहीत, कधी लाजतात. बाहेर गर्दी आहे, आता कागद भरून देते, महिन्याभरानं पुन्हा आणा. तिनं पेन उचललं. बस, एक सही. पोरगी आदिलाबादलाच राहणार होती. मी मनातल्या मनात सुटले. हो, सुटले, आज लाज वाटते सांगताना.

दारातून आवाज आला, "होल्डान, मॅडम."

काका आत आले. आरूच्या मागे दोन हात अंतरावर उभे राहिले. त्यांना ओळखायला लागल्याला मला पंधरा वर्षं झाली, पण तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. इतका बारीक, की शेजारी उभ्या मला जेमतेम कळला. "आरू," ते म्हणाले, "गोष्ट सांगू का बाई तुले?"

आरूनं खेळण्याचं चाक फिरवलं. काकांनी पुन्हा विचारलं. ती वळली नाही.

काका तिथल्या स्टुलावर बसले. मग डॉक्टरणीला नाही, मला म्हणाले, "मले वाटे, माह्या गोष्टी आवडतात म्हनून माह्या तोंडाकडं पाह्यते. ते तं ओठ पाहून राह्यली होती वं."

वीस वर्षं मुलं हाकतेय, ही पोर रोज माझ्या ओट्यावर खेळते, मला कळू नये? काकांचा गळा असा, की तिला जे काही ऐकू येत होतं ते त्या गळ्यामुळंच, आणि त्याच गळ्याआड बाकीचं सगळं लपून राहिलं. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. दोन्ही कान पुन्हा नीट पाहिले आणि म्हणाली, पडद्याच्या मागं पाणी साचलेलं दिसतं, लहान मुलांत होतं असं, कानाच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा, वेळेत आलात. तो मोठा डॉक्टर कुठं, तर हैदराबादला. काकांनी मान हलवली. कागद स्वतःच्या हातानं घडी करून खिशात ठेवला, सहीशिवाय.

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला, नेहमीच्या गळ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. पोरीले घेऊन जाय, म्हणाले, आजच्या आज निंग. मुलगा दुसऱ्या दिवशी आला. काकांनी तिची पिशवी भरली, शेंड्या बांधल्या. हैदराबादच्या वाटेवरच्या इचोड्यापर्यंत गाडीत सोबत गेले आणि तिथून कुठल्याशा ट्रकमध्ये बसून परत आले. चार दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. मी डबा दिला तर तसाच परत.

ऑपरेशन छोटंसं होतं, नीट झालं. पण पुढच्या तपासण्या तिथं, आईबापही तिथं, म्हणून शाळाही हैदराबादलाच ठरली. कुणी काकांना विचारलं नाही आणि त्यांनीही विचारायला लावलं नाही.

परवा मी अंगणात कपडे काढत होते. भिंतीपलीकडे काकांचा फोन वाजला, आणि "आरू, जेवली का" असं जे दणकन सुरू झालं ते एकदम बंद पडलं. बराच वेळ काहीच नाही. त्या घरातून इतका वेळ आवाज नाही असं कधी झालंच नव्हतं. मी घाबरले, कपडे टाकून पलीकडे धावले. काका फोन कानाला घट्ट धरून उभे होते, ओठ हलत होते. मग फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. काय म्हणालात काका, म्हणून मी जवळ जाऊन उभी राहिले.

"म्हनते, ओरडू नको आबा, ऐकू येते मले," ते म्हणाले. डोळे पुसायचंही भान नव्हतं त्यांना. "मंग म्या गोष्ट हळूच सांगतली. माहं तोंड दिसत नोतं तिले. तरी पुरी ऐकली."