पारखीसाहेबांचं बोट

शनिवारी दुपारी पारखीसाहेबांनी उजव्या हाताची तर्जनी एका करड्या प्लास्टिकच्या तुकड्यात घातली आणि ती परत बाहेर येईना. लहान मुलं असलेल्या घरात असं काही ना काही रोज कुठेतरी अडकत असतं, त्याचं कोणी एवढं मनावर घेत नाही. पण या घरात लहान मूल नव्हतं. पारखीसाहेब पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ होते आणि एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायला बसत. तपासायला म्हणजे नाकारायला.

ऑफिसात त्यांना फारसं कोणी विचारत नसे. त्यांचा खरा दरारा होता तो 'हरवलेला तुकडा' नावाच्या ऑनलाइन ग्रुपवर. खेळण्यातले प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत बसवून किल्ले, जहाजं, आगगाड्या उभ्या करणारी मोठी माणसं तिथे जमत. कोणाला जुन्या डब्याच्या तळाशी अनोळखी तुकडा सापडे, कोणाचं जहाज एका तुकड्यावाचून अडून बसे. मग तो फोटो टाकी आणि पारखीसाहेब तो तुकडा कुठल्या खेळातला, कुठल्या काळातला, किती दुर्मीळ, हे जाहीर करत. 'पारखी' ही पदवी ग्रुपने दिलेली. 'साहेब' त्यांनी स्वतः जोडून घेतलं होतं.

त्यांची कामाची पद्धतही ऑफिसातलीच. फोटो तीन बाजूंनी हवा. आकार कळावा म्हणून शेजारी नाणं हवं. यातलं काही राहिलं की पारखीसाहेब 'अपूर्ण' एवढा एकच शब्द लिहीत आणि समोरचा माणूस असा काही माफी मागे, की जणू त्याचा जन्मच अपूर्ण कागदपत्रांवर झाला होता.

या रविवारी ग्रुपचा मुख्य परीक्षक मतदानाने निवडला जायचा होता. उमेदवार एकटे पारखीसाहेब. तरी निवडणूक चुरशीची होईल असं त्यांना वाटत होतं, म्हणून आठवडाभर ते 'अपूर्ण'च्या पुढे 'कृपया' लिहीत होते.

त्याच आठवड्यात, बंदरावर क्रेन चालवणाऱ्या एका सदस्याने या करड्या तुकड्याचा फोटो टाकला. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडा, टोपणासारखा. पारखीसाहेबांनी फोटोवरूनच निकाल दिला: अतिशय जुना, थोडाच काळ निघालेला, अंतराळयानाच्या इंजिनाचा तुकडा, आत आडवी पट्टी असते, असा दुसरा अख्ख्या ग्रुपमध्ये कोणाकडे नाही. ग्रुपने तोंडात बोटं घातली. क्रेनवाले मात्र भाबडे. आत तळाशी काहीतरी नंबर आहेसं वाटतं, पण दिसत नाही, तेवढा वाचून खात्री करून द्याल का, असं म्हणून ते तुकडा स्वतः घरी आणून देऊन गेले. खात्री हा शब्द पारखीसाहेबांना आवडला नाही, पण मतदान तोंडावर होतं.

नंबर पार तळाशी होता. टॉर्च धरला तर डोळा मावेना, डोळा लावला तर टॉर्च मावेना. तेव्हा उठावाचे आकडे बोटाने चाचपून वाचावेत असा शास्त्रशुद्ध विचार करून त्यांनी बोट घातलं. आकडे कळले नाहीत. बाकी सगळं कळलं.

त्यांची बायको घरी शिवणाचे क्लास घेत असे. तिने साबण लावून पाहिला, तेल सोडून पाहिलं, बर्फ चोळला, बोटाला दोरा गुंडाळून ओढला. तुकडा बोटावरच उगवल्यासारखा घट्ट बसला. शेवटी तिने कापड बेतायची मोठी कात्री आणली.

"अगं, हा तुकडा कापायचा?" साहेब दचकले.

"मग काय बोट कापू?"

साहेबांनी लगेच उत्तर दिलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ही शांतता तिने बरोबर टिपून ठेवली.

ग्रुपवर कोणालातरी उपाय माहीत असेल, पण विचारायचं कोणी? पारखीसाहेबांनी विचारलं तर उद्याच्या मतदानाआधीच हसं. तेव्हा डाव्या हाताने धडपडत त्यांनी 'नवखा' या नावाने नवं खातं उघडलं आणि बोटाचा फोटो टाकून विचारलं, की एखाद्याचं बोट असं अडकलं तर त्याने काय करावं.

उत्तरं भराभरा आली. पहिल्याने विचारलं, बाकीच्या दोन बाजूंचे फोटो कुठे आहेत? दुसऱ्याने विचारलं, शेजारी नाणं का नाही? नवख्याने लिहिलं की शेजारी बोट आहेच. त्यावर त्याला कळवण्यात आलं की बोट धरलं जात नाही, बोटं लहानमोठी असतात. हा नियम पारखीसाहेबांनीच केलेला होता. मग हा करडा रंग जुना की नवा यावरून दोन तट पडले आणि जोरदार जुंपली. एका नव्या सदस्याने भीतभीत विचारलं की ते बोट मूळ संचातलं आहे का. बोट दुखतंय का, हे मात्र कोणी विचारलं नाही. तो प्रश्न नमुन्यात नव्हता.

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की पारखीसाहेबच काय ते सांगतील. आता एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा माणूस गप्प बसला तर संशय यायचा. साहेबांनी नवख्याचं खातं बाजूला ठेवलं, आपलं उघडलं आणि लिहिलं: 'तुकड्याला इजा होता कामा नये. बोटाचं नंतर बघता येईल.'

या निकालावर पसंतीचे अंगठे पडू लागले. सवयीने एक त्यांनी स्वतःही दिला.

तेवढ्यात क्रेनवाल्यांचा संदेश आला. हा तुकडा माझा आहे, काठावरचा डाग मी अंधारातही ओळखेन, तो मी साहेबांकडे दिला होता, मग हा नवखा कोण? ग्रुपवर एकच गलका झाला. चोरी. थेट पारखीसाहेबांच्या घरात. क्रेनवाल्यांनी साहेबांना फोन केला. साहेबांचे दोन्ही हात साबणाच्या पाण्यात होते, फोन उचलला गेला नाही. मग क्रेनवाले स्वतःच धावत आले.

दार बायकोने उघडलं.

"वहिनी, साहेब सुखरूप आहेत ना? तुमच्याकडे चोरी झालीय."

"काय गेलं?"

"तुकडा."

"तुकडा कुठे जातोय," ती म्हणाली, "तोच यांना सोडायला तयार नाही. या आत."

साहेब न्हाणीघरात स्टुलावर बसले होते, हात मगात. क्रेनवाल्यांनी आधी तुकड्याकडे पाहिलं, मग बोटाकडे, मग साहेबांकडे.

"म्हणजे तो नवखा..."

"घरचाच आहे," बायको म्हणाली.

बोटाचं मूळ एव्हाना सुजून वांग्याच्या रंगाचं झालं होतं. तिघं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर बाई तरुण आणि घाईत होत्या. त्यांनी बोट उलटसुलट करून पाहिलं आणि टाचणीएवढ्या दात्यांची एक छोटी करवत काढली. फक्त एक सांगा, त्या म्हणाल्या, याच्या आत पट्टीबिट्टी काही आहे का? असली तर पातं अडकून झटका बसेल आणि बोटाला लागेल.

"आडवी पट्टी आहे," पारखीसाहेब म्हणाले. सवयच ती.

"आणि डॉक्टर," क्रेनवाले अदबीने म्हणाले, "कापायच्या आधी साहेबांची परवानगी घ्या. तुकडा माझा असला तरी निकाल त्यांचा आहे." त्यांनी फोन काढून खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, की तुकड्याला इजा होता कामा नये, बोटाचं नंतर बघता येईल. "मी कोण कापा म्हणणारा? साहेब सांगतील तसं."

डॉक्टर बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, की लवकर ठरवा, बोट काळं पडायला लागलं तर मग मलाच ठरवावं लागेल.

इथे साहेबांचं घोडं अडलं. तुकडा त्यांनी सांगितला तोच असेल, तर जगातली दुर्मीळ वस्तू आपल्या बोटापायी कापली म्हणून ग्रुप त्यांना जन्मभर तोंड दाखवू देणार नव्हता. तो नसेल, तर ते चुकले होते. एकीकडे नाव जात होतं, दुसरीकडे बोट, आणि हिशेब कसाही मांडला तरी खाली शून्यच येत होतं.

"मी काय म्हणते," बायको हलकेच म्हणाली, "आत आडवी पट्टी असती, तर बोट गेलं असतं का हो?"

साहेबांनी बोटाकडे पाहिलं. ते मुळापर्यंत आत होतं. याहून पक्का पुरावा त्यांच्या टेबलावर आजवर एकाही दाव्याबरोबर आला नव्हता.

त्यांनी फोन मागितला. आपल्या नावाने लिहिणं शक्यच नव्हतं. पण नवख्याचं काय जाणार होतं? त्याला ना नाव होतं ना अब्रू. डाव्या हाताने त्यांनी लिहिलं: 'माझं बोट पूर्ण आत गेलं आहे. म्हणजे आत पट्टी नाही. म्हणजे पारखीसाहेब चुकले. हा दुर्मीळ तुकडा नाही, आणि मला फार दुखतं आहे.'

आयुष्यात प्रथमच त्यांनी चार खरी वाक्यं ओळीने लिहिली होती. मग एकाने लिहिलं की मलाही वाटलंच होतं. दुसऱ्याने लिहिलं की मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. तिसऱ्याने फोटोसकट दाखवून दिलं, की ही लहान मुलांच्या ट्रकच्या धुराड्याची टोपी आहे, दर खोक्यात चार येतात. ज्यांना वाटलंच होतं त्यांची रांग पार खालपर्यंत गेली, आणि पारखीसाहेबांना कळलं की गेल्या कित्येक निकालांबद्दल या मंडळींना काही ना काही वाटलंच होतं.

"मग कापा," क्रेनवाले म्हणाले. "असल्या टोप्या घरी डबाभर पडल्यात. करडी म्हणून हीच वेगळी वाटली."

डॉक्टर बाईंनी बोलता बोलता तुकडा कापून बोट मोकळं केलं, मलम लावून पट्टी बांधली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण ग्रुपवर नवख्याचं कौतुक सुरू झालं होतं. स्वतःचं बोट पणाला लावून सत्य शोधणारा माणूस, असं कोणीतरी लिहिलं. मोठ्या नावापुढे न झुकणारा, असं दुसऱ्याने. संध्याकाळपर्यंत मुख्य परीक्षकाच्या निवडणुकीत दुसरा उमेदवार उभा राहिला होता. पारखीसाहेबांनी हरकत घेतली, की हा सदस्य आजच आला आहे, त्याची माहिती अपूर्ण आहे. या वेळी 'अपूर्ण' वाचून कोणीच माफी मागितली नाही.

मग त्यांनी दुसरा डाव टाकला. नवख्याच्या खात्यात जाऊन लिहिलं, की माझी लायकी नाही, मला काही कळत नाही, पारखीसाहेबांनाच मत द्या. हे वाचून लोक विरघळले. एवढं करून वर हा नम्रपणा, असं म्हणत जे कुंपणावर होते तेही नवख्याकडे आले.

रविवारी सकाळी क्रेनवाल्यांचा फोन आला. बोटाची चौकशी करून झाल्यावर ते म्हणाले, "साहेब, ग्रुपवर मी काही बोललो नाही आणि बोलणारही नाही. पण मत मी नवख्याला दिलं. म्हणजे तुम्हालाच की. रागावू नका."

साहेबांनी आपलं मत पारखीसाहेबांना दिलं. मग नवख्याच्या खात्यात शिरले, आणखी एक मत स्वतःच्या पारड्यात टाकायला. तिथे संदेशांचा ढीग साचला होता. बोट आता कसं आहे? दुखायचं थांबलं का? तुमच्यामुळे बोलायचं धाडस झालं. माझ्याकडे एक तुकडा आहे, घाई नाही, बोट बरं झालं की बघा. पारखीसाहेबांना इतक्या वर्षांत असं एकही पत्र आलं नव्हतं. ते वाचत बसले. एकेक वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मत कधी दिलं आणि कोणाला दिलं, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही.

संध्याकाळी निकाल लागला. पारखीसाहेबांना एक मत पडलं होतं. बाकी झाडून सगळी नवख्याला.

बायको शिवणाच्या मशीनवरून उठून चहा घेऊन आली. "काय झालं?"

"मी पडलो."

"मग आलं कोण?"

पारखीसाहेबांनी पट्टी बांधलेलं बोट जरा निरखून पाहिलं. "एक नवखा आहे," ते म्हणाले. "माणूस बरा वाटतो."