छत्तीस फुटांवरचा फुगा

चौतीस वर्षं तिसरीच्या मुलांना शिकवलंय मी. तेव्हा सात नगरसेवकांना एक साधी गोष्ट शिकवणं मला काय जड जाणार? "तीन मिनिटांत त्यांना ताळ्यावर आणते की नाही बघ!" असं मी समोरच्या वर्ननला ठणकावून सांगितलं होतं. सभेत प्रत्येक नागरिकाला बोलायला तीनच मिनिटं मिळतात. मला तेवढीही लागणार नव्हती!

प्रश्न माझ्या घेवड्याचा होता. आमच्या गल्लीत एका प्लॉटवर एकच घर, असा नियम पहिल्यापासून. आता नगर परिषद म्हणत होती, की पश्चिमेकडचं झीग्लरांचं रिकामं घर पाडून तिथे सहा बिऱ्हाडांची तीन मजली इमारत होऊ द्यावी. तीन मजले म्हणजे छत्तीस फूट! माझ्या परसातल्या वाफ्याचं दुपारचं ऊन गेलंच की! आणि तो काही नुसता वाफा नाही. गल्लीतली मुलं दर वसंतात तिथे बी पेरतात, रोपं मोजतात, वह्या भरतात. ती माझी उरलेली शाळा आहे. ती मी मरेपर्यंत सोडणार नव्हते.

"फुगा उडवायचा," मी वर्ननला म्हणाले.

"मार्गिट, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"छत्तीस फूट दोरी आणि वर मोठ्ठा लाल फुगा. इमारत केवढी होणार आणि सावली कुठवर येणार, ते डोळ्यांनी दिसेल. नगरसेवकांना बोलावते रविवारी, चर्चनंतर."

रविवारी मुलं झाडून हजर! झीग्लरांच्या अंगणात खुंटी ठोकून फुगा सोडला. नऊ वर्षांच्या टॅमसिनच्या हातात वही दिली. "दर पंधरा मिनिटांनी वाफ्यावर सावली आहे का आणि कशाची, ते लिहायचं. आधी काय करायचं?"

"आधी मोजायचं, मग बोलायचं!" सगळी एका सुरात ओरडली. चौतीस वर्षं हेच वाक्य मी फळ्यावर लिहीत आले.

मुलांतल्या ओटिसने माझ्या फाटकाशी पाटी रोवली: 'या! स्वतः पाहा! १ ते ३.' खाली बाण. पाकिटात उरलेले तीन फुगे त्याने पाटीलाच बांधले. मी म्हटलं, वा, काय शोभा आली!

आता मला सांगा, रविवारी दुपारी फाटकाशी पाटी, बाण आणि फुगे असले, तर त्याचा आमच्याकडे अर्थ काय? घर विकायचंय, आत येऊन बघून जा! हे आमच्या गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे. मलाही होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात घेवड्याशिवाय काही शिरेल तर शपथ!

एक वाजता स्वयंपाकघरात गेले, तर एक जोडपं माझं फडताळ उघडून उभं!

"जागा भरपूर आहे हो," बाई नवऱ्याला सांगत होती.

"कोण तुम्ही?"

"घर बघायला आलेले आम्ही दुसरेच ना? मग तो बाथटबमध्ये झोपून बघतोय तो पहिला असेल!"

मी वर धावले. एक धिप्पाड बस ड्रायव्हर खरंच बाथटबमध्ये आडवा! "पाय मावत नाहीत," तो गंभीरपणे म्हणाला. तोवर खाली आणखी आठ जण. नगरसेवकांसाठी केलेल्या लिंबाच्या वड्यांचा त्यांनी फडशा पाडला. मी घसा फोडून सांगतेय, "घर विकायचं नाही!" आणि ते एकमेकांना म्हणतायत, "भाव वाढवायचा डाव दिसतो!"

खिडकीपाशी एक तरुण मुलगी उभी होती. "इथे माझं टेबल छान मावलं असतं," ती म्हणाली. तिचं नाव डेल्फिन. माझ्याच जुन्या वर्गात ती आता तिसरीला शिकवते, आणि गावात घर मिळत नाही म्हणून रोज सव्वा तास गाडी चालवत येते. मी तिला उरलेली एक वडी दिली. दुसरं काय देणार?

तेवढ्यात वर्नन आला. दारातून आत बघितलं आणि भडकला.

"घर विकतेस? बिल्डरला? आणि आम्हाला विरोधाच्या पाट्या लावायला सांगतेस!"

"अरे, ऐक तरी!"

ऐकतो कुठला! तरातरा जाऊन त्याने फुग्याची दोरी हिसडली. खुंटी निघाली, दोरी सुटली आणि फुगा माझ्या परसातल्या मेपलच्या झाडाच्या शेंड्यात जाऊन अडकला. नगरसेवक? एकही फिरकला नाही.

मंगळवारच्या सभेपर्यंत गल्लीत कुणी माझ्याशी बोलेना. माझ्या शेजारची खुर्चीसुद्धा कुणी घेईना! शेवटी तिथे डेल्फिन येऊन बसली. माझ्या आधी ती बोलली. "सहापैकी एक घर मला मिळालं, तर शाळा सुटल्यावरही मुलांना वेळ देता येईल." एवढंच. पण माघार घेईन तर मी थॉर्सबीबाई कसली!

माइकवर गेले. पहिली दोन मिनिटं 'मी घर विकत नाहीये' हे सांगण्यातच गेली. एकच मिनिट उरल्याचा पिवळा दिवा लागला.

"टॅमसिन, वाच!" मी गरजले. पाहुणे हाकलण्याच्या नादात वही मी तपासलीच नव्हती.

टॅमसिन खणखणीत आवाजात वाचू लागली. "एक वाजता, वाफ्यावर सावली. बाईंच्या मेपलची. सव्वा वाजता, सावली. मेपलची. दीड वाजता, मेपलची."

"फुग्याची कुठे होती, बेटा?" नगराध्यक्षबाईंनी विचारलं.

"झीग्लरांच्याच अंगणात. तीन वाजता मात्र वाफ्यावर आली!"

"बघा!" मी ओरडले.

"कारण तेव्हा फुगा मेपलमध्ये अडकला होता."

सभागृहात हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने वर्नन हसला!

"थॉर्सबीबाई, मग तुमचा विरोध लिहून घ्यायचा ना?"

लाल दिवा लागला होता. टॅमसिन माझ्याकडे बघत होती, ते फळ्यावरचं वाक्य पाठ असल्यासारखी.

"खोडून टाका," मी म्हणाले. "मोजून झालंय."

चार विरुद्ध तीन मतांनी ठराव मंजूर झाला.

आता डेल्फिन त्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. इमारतीच्या दक्षिणेच्या भिंतीला दिवसभर ऊन असतं, म्हणून घेवडा आम्ही तिथे हलवला. मेपल तोडणार नाही, हे मी सर्वांना बजावलंय. फक्त त्या फुग्याची लाल चिंधी अजून शेंड्यावर लटकते आहे, आणि शिडी तिथवर पोचत नाही.

परवाच्या रविवारी बेल वाजली. दारात एक नवं जोडपं.

"फुगा दिसला म्हणून आलो. बाथटब मोठा आहे ना?"