गंगाजळ ब्रेकांत शिरलें ते समयींची हकिकत

श्रीविश्वेश्वर आणि दूधविनायक उभयतां साक्षी. हकिकत ऐसी जे, शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, काशीक्षेत्रीं मोहल्ला दूधविनायक येथील राहणार राजश्री नरहरपंत, संस्कृतचे निवृत्त मास्तर, यांची रुपेरी मोटार, उमर वर्षें बारा, हिच्या ब्रेकांत फितुरी जाहली आणि ती पंतीं मोडून काढिली, तो मजकूर घडला तैसा लिहिला आहे. त्यांत पंतांचा पराक्रम किती आणि मिस्त्रीचा किती, हें वाचणारांनीं आपलें ठरवावें.

ऐसियास, गल्ली इतकी अरुंद कीं समोरून सांड आला तर माणसानें ओट्यावर चढावें, सबब मोटारीचा तळ बाहेर हमरस्त्यावर, मैदागिनीच्या चौकांत असे. दसऱ्यास पंत सौभाग्यवती पद्माबाईसाहेबांसह तेथें पूजेस गेले, हार चढविला, चाकांखालीं लिंबें ठेविलीं, आणि मग बॉनेट उघडोन पाहतात तों ब्रेक ऑइलची लहानशी पांढरी कुपी, तींतील तेल खालच्या खुणेशीं उतरलेलें. तेल कां उतरलें, पॅड झिजले कीं काय, ही चौकशी करावी ती न केली. या घराची रीत ऐसी कीं नवी घागर येवो, नवें बाळ येवो, त्यावर गंगाजळ पडलेंच पाहिजे. पंत शिंपडण्यावर न थांबतां कुपीचें झांकण काढोन एक पळी आंत सोडते जाहले, आणि कोणास न सांगतां घरीं येऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लें.

पुढें कार्तिक वद्य पंचमीस उभयतांच्या लग्नास पंचेचाळीस वर्षें पुरीं होत होतीं, आणि ते दिवशीं बाईसाहेबांस शेजारीं बसवून विंध्याचलीं देवीदर्शनास न्यावें, ऐसा मनसुबा मुकरर होता. चार दिवस आधीं उभयतां गंगेच्या पुलापलीकडून परततां, पंतांचा पाय संवयीनें ब्रेकावर टेकलेलाच, गर्दीत ब्रेक तापत गेले, आणि उतारावर पेडल दहींभातांत पाय पडावा तैसें मऊ होऊन तळास गेलें. पुढें भर रस्त्यांत सांड बैसलेला. पंतांनीं हँडब्रेक ओढिला आणि मोटार सांडापासून वीतभर अंतरीं थांबली. सांडानें मान देखील वळविली नाहीं. बाईसाहेब खालीं उतरल्या आणि फर्मान सुटलें कीं ही मोटार आणि हिचा सुभेदार, दोहोंचा भरंवसा राहिला नाहीं, विंध्याचलीं आपण रेल्वेनें एकट्या जाऊं. मग त्या ई-रिक्षांत बसोन घरीं गेल्या. पंतांस फार वाईट वाटलें. स्कूटर होती तेव्हांपासून पंतांसोबतची जागा बाईसाहेबांची, आणि आज ती रिकामी पडली.

दुसरे दिवशीं मोटार दोरीनें ओढवोन विश्वेश्वर मिस्त्री यांच्या छावणींत रुजू केली. मिस्त्रींनीं कलमासारखें यंत्र कुपींत बुडविलें तों तांबडा दिवा लागला. त्यांचें निवेदन ऐसें जे, हें तेल हवेंतील ओल पितें, म्हणोन दर दोन वर्षांनीं बदलावें. यांत पाणी असलें आणि ब्रेक तापले कीं वाफ होते, मग पायाचा जोर वाफेवरच खर्ची पडतो, चाकास पोंचत नाहीं. इतकें सांगोन त्यांनीं सवाल टाकिला, "मास्टर साहब, इसमें पानी किसने डाला?"

इतक्यांत बाईसाहेब, चष्मा गाडींत राहिला हें निमित्त करून, तेथें दाखल. पंतांनीं खालीं मान घालून एका पळीची कबुली दिली. मिस्त्री म्हणाले कीं कुपी वरच्या खुणेच्या पार भरली आहे, एका पळीचें हें काम नव्हे. पंत शपथ घेऊं लागले. तेव्हां बाईसाहेब हळूच बोलल्या, "अहो, मीपण घातलं. तुम्ही नारळ फोडायला वळलात ना, तेव्हां फुलपात्रातलं सगळं. तुम्ही गाडी फार जोरात हाणता, म्हणून."

मिस्त्रींनीं दोघांस हात जोडिले.

मग मोहीम सुरू जाहली. झिजलेले पॅड बदलिले, कुपी उपसोन पुसिली, नव्या सीलबंद बाटलीची कुमक आली, आणि सर्वांत लांबच्या चाकापासून जुनें तेल बाहेर घालविण्याचा हुकूम सुटला. पेडल दाबावयास माणूस पाहिजे. पंत बाटली धरून कुपीपाशीं तैनात. सबब, या मोटारींत पाऊल ठेवणार नाहीं म्हणणाऱ्या बाईसाहेब खासा सुभेदाराच्या जागीं बसल्या. मिस्त्री चाकापाशीं पडोन "दबाइए, रोकिए" पुकारीत, बाईसाहेब दाबून धरीत, मिस्त्री चावी फिरवीत, आणि नळींतून कालच्या चहासारखें काळें तेल बुडबुड्यांसह निघे. चारही चाकें जाहलीं, बुडबुडे सरले, मधासारखें स्वच्छ तेल आलें आणि पेडल टणक जाहलें. तें बाईसाहेबांनीं आपल्या पायानें पारखिलें आणि चष्मा विसरोनच घरीं गेल्या.

पंचमीस त्या आपल्या जागीं येऊन बसल्या. मांडीवर गंगाजळाचा लोटा, लोट्याच्या तोंडास फडकें घट्ट बांधिलेलें. दर्शन करून तेथील अष्टभुजा देवीच्या टेकडीच्या उतारावर वळणाशीं पंतांनीं ब्रेक दाबिला आणि मोटार जागच्याजागीं थांबली. पंतांनीं अभिमानें शेजारीं पाहिलें. बाईसाहेब खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांचा पाय, जेथें पेडलच नाहीं तेथें, चटईवर गच्च दाबलेला होता.

येणेंप्रमाणें ब्रेक दोन लागले, आणि फत्ते उभयतांच्या नांवें लिहिली असे.