गाडीने तोंड फिरवलं

लोखंडातलं मला कळतं. हे मी म्हणत नाही, आमच्या गावात सगळे म्हणतात. त्यांना मीच सांगितलेलं असतं, हा भाग वेगळा.

मिलिटरीच्या लिलावात घेतलेली माझी पिकप गाडी ही तेव्हा गावातली पहिली आणि एकुलती एक मोटार. गाडी गुणाची होती. खोड एकच. चढण लागली आणि पहिला गियर टाकला, की मागचा आस पिळवटायचा आणि मागची चाकं बेडकासारखी टुणटुण उडायची. कांद्याची पोती भरलेली असली तर काही बिघडत नसे. कांदा तक्रार करत नाही.

बायको मात्र करते. माझी धाकटी मेव्हणी ठकू हिचं लग्न ठरलं होतं. सासूबाई कधीच वारलेल्या, त्यामुळे ठकूचं रुखवत करायचं ते थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या कुशाबाईनेच. दोन महिने ती राबत होती. शेवया, पापड, चिरोटे आणि ताटाएवढ्या मोठाल्या कुरडया! मांडवात वराकडच्या बायका रुखवत बघायला येतात तेव्हा त्यांचे डोळे ताटांवर नसतात, तुकड्यांवर असतात. एक कुरडई मोडकी दिसली, की आईविना पोरीचं कुणी नीट केलं नाही, असं बोलायला त्या मोकळ्या. कुशाबाईला नेमकी हीच धास्ती होती.

सासरवाडी घोडेगावच्या पुढे डोंगरात, आणि गावाच्या अलीकडे ती नावाजलेली चढण. कुशाबाई म्हणाली, शेजारच्या गेणभाऊंची बैलगाडी सांगू. मला राग आला. घरात मोटार असताना रुखवत बैलगाडीतून? मी छातीवर हात मारून सांगितलं, "एक कुरडई मोडली तर मिशी काढीन."

ती माझ्या मिशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

दुसऱ्याच दिवशी मी गाडी जुन्नरला जलालमिस्त्रींकडे नेली. मिस्त्री म्हणजे बैलगाडीच्या धावेपासून मोटारीच्या इंजिनापर्यंत सगळं करणारा माणूस. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि सांगितलं, की आसापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी दांडी लावू. आस पिळवटायला लागला की दांडी त्याला धरून ठेवेल. मी लगेच दुकानातला सगळ्यात जाड गज उचलून दाखवला. मिस्त्री म्हणाले, एवढा जाड लावलात तर गाडी नाही, ओटा होईल. त्यांनी दोन पोकळ नळ्या निवडल्या, टोकाला आटे पाडले आणि नट बसवले, म्हणजे दांडी हवी तेवढी लांब किंवा आखूड करता येते. निघताना त्यांनी बजावलं, "कुंडलिकराव, दोनी दांड्या सारख्या ठेवल्यात. आता नटाला हात लावू नका."

आता मला सांगा, लोखंडातलं कळणाऱ्या माणसाला असं सांगतात का?

घरी येऊन मी गाडीखाली शिरलो. माझ्या बसायच्या बाजूचा, धक्के झेलणारा कमानपाटा जरा दबलेला दिसला. का दबला, ते माझं वजन बघून तुमच्या लक्षात येईल. म्हणजे ती बाजू कमजोर. आणि शेतकऱ्याच्या पोराला कमजोर बाजूचं काय करायचं हे शिकवावं लागत नाही. जोडीतला एक बैल अशक्त असला, की आपण जू सरकवतो आणि त्याच्या बाजूला लांब सोडतो. ओझं आपोआप दुसऱ्यावर जातं. मिस्त्री पडले शहरातले, त्यांना बैलातलं काय कळणार! मी पाट्याचे नट सैल केले, त्या बाजूची दांडी चांगली लांबवली आणि सगळं परत आवळून टाकलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी निघालो. मागे दोन मोठ्या पेट्या, पुढे माझ्या शेजारी कुशाबाई. गाडी एकदाही उडाली नाही. पण सरळ जायचं तर हातातलं चाक उजवीकडे धरून ठेवावं लागत होतं आणि गाडीचं नाक मात्र डाव्या हाताच्या शेताकडे. लांबवलेल्या दांडीने आसाचं एक टोक मागे रेटलं होतं आणि आम्ही खेकड्यासारखे तिरके चाललो होतो. बैलाचं शहाणपण बैलालाच लागू असतं, हे मला नारायणगावच्या आत कळलं. पण ते कुशाबाईला कसं सांगणार?

मंचरच्या पुढे समोरून एसटी आली. ड्रायव्हरने लांबूनच गाडी थांबवली, खाली उतरला आणि आमच्याभोवती एक चक्कर मारली.

"पावणं," तो म्हणाला, "तुमी येताय का जाताय?"

एसटीतले उतारू हसले. कुशाबाईने पदर तोंडाला लावला. मी दर मैलाला गाडी थांबवून तिला विचारत होतो, की पेट्या बघू का, कुरडया बऱ्या आहेत ना? ती मागे वळूनही न बघता म्हणायची, "असतील की." तिचा हा विश्वास बघून मला गहिवरून आलं.

आणि ती चढण! पहिला गियर, इंजिनाची गर्जना, आणि एकसुद्धा उडी नाही. तिरकी का होईना, गाडी लोण्यासारखी वर गेली. मी मिशीवरून हात फिरवला.

गावात शिरलो. सासऱ्यांचं घर उजव्या हाताला. दारात सासरे रखमाजी, भाऊबंद, हलगीवाले, ओवाळायला बायका, सगळे उभे. मी हसत हसत येत होतो, पण गाडीचं तोंड डावीकडे, थेट गावाबाहेरच्या वाटेकडे! हलगी थांबली. गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "जावई रुसलं. त्वांड फिरीवलंय."

आता लग्नात जावई रुसणं ही रीतच आहे. पण रखमाजींच्या मनात आधीच रुखरुख होती. साखरपुड्याला मला फेटा बांधायचा राहून गेला होता. माझ्या ते ध्यानातही नव्हतं. ते बिचारे पायांत काही न घालता धावत आले.

"चुकलं आमचं, पावणं. पर गाडी माघारी वळवू नका."

मी सांगितलं, मी रुसलो नाही, आस वाकडा झालाय. ते भावाला म्हणाले, लईच रुसलेत. मी म्हणालो, खरंच रुसलो नाही. त्यांनी नारळ मागवला. मी खाली उतरून दांडी दाखवायला वाकलो, तर तोंडही दाखवत नाहीत म्हणून म्हातारीकोतारी रडायला लागली. शेवटी मी मान पुढे केली आणि केशरी फेटा बांधून घेतला. समजूत पटल्याचं बघून हलगी पुन्हा सुरू झाली.

माझा मान राहिला होता, आता कुशाबाईचा. सगळ्या बायकांसमोर मी स्वतः पेट्या उतरवल्या आणि फुलासारख्या उघडल्या. आत गोधड्या होत्या. दोन्ही पेट्यांत, पाहुण्यांसाठी, नीट घड्या घातलेल्या गोधड्या.

मी मांडवात बघितलं. रुखवत आधीच मांडलेलं होतं. एका कुरडईचा कण उडालेला नव्हता, आणि ठकू आपल्या मैत्रिणींना "माझ्या आक्कानं केलंय" म्हणून सांगत होती. गेणभाऊंचे बैल मागच्या झाडाखाली कडबा खात होते. ते परवाच आले होते.

मी कुशाबाईला बाजूला घेऊन विचारलं, की रुखवत बैलगाडीतून पाठवलं, मग ती स्वतः का नाही गेली?

"कुरडई मोडली तर जुळत न्हाई," ती म्हणाली. "आन् तुमी एवढ्या हौसेनं गाडी नीट केलीवती. माज्या माह्यारच्या माणसांत तुमाला एकटं येऊ देऊ व्हय?"

 फेटा उगाच नीट करत राहिलो. बायको अशी असावी, असं मनापासून वाटलं.

लग्न झकास झालं. तिसऱ्या दिवशी परत निघताना मी गाडीचं दार उघडून धरलं, तर कुशाबाई गेणभाऊंच्या बैलगाडीत चढून बसलेली.

"आता काय, आपल्याच घरी जायचंय," ती म्हणाली. "तुमी या सावकाश."

आलो सावकाश. घरी पोचलो तेव्हा गेणभाऊंचे बैल पाणी पिऊन बसले होते.