जाळीची वस्तू

सुदर्शनला गेमसाठी नवीन ग्राफिक्स कार्ड तीन वर्षांपासून घ्यायचं होतं आणि तीन वर्षांपासून तो थांबला होता. उन्हाळ्यात घ्यावं म्हटलं की कुणीतरी सांगायचं, दिवाळीत भाव पडणार. दिवाळी आली की कळायचं, संक्रांतीनंतर नवीन मॉडेल येणार. लातूरच्या एका खासगी क्लासमध्ये तो फिजिक्स शिकवायचा. पोरांना वेग आणि त्वरण समजावून घरी आला की त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर गेममधली गाडी मात्र ठेचकाळत चालायची. तेही त्याने सोसलं असतं हो. पण नांदेडला त्याचा धाकटा साडू दयानंद होता, आणि खरं दुखणं तिथं होतं.

दयानंदचं खताचं दुकान. कॉम्प्युटर घेऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणजे मशीन कोरं करकरीत. दर रविवारी दोघे साडू आपापल्या घरी बसून एकच गेम खेळायचे, आणि दर रविवारी दयानंद अगदी निर्मळ मनाने विचारायचा, "भाऊ, तुमची गाडी सारखी भिंतीला कामून धडकायली?"

टोमणा असता तर सुदर्शनने परतवला असता. पण हा माणूस खरंच काळजीने विचारायचा, आणि त्यानेच सुदर्शनच्या अंगाची लाही व्हायची.

अशात अधिक महिना लागला आणि अर्धापूरहून सासऱ्यांचा, सटवाजीमामांचा फोन आला.

"सुदर्शनराव, धोंडे खायला कवा येताव? आन् अवंदा काय पाहिजे ते बोला. मागच्या बारीला अंगठी दिली तर तुमी ती घालतच न्हाईत."

तीन वर्षांतून एकदा येणारी संधी! सुदर्शनने मान खाली घालून, लाजत लाजत सांगितलं, "मामा, ग्राफिक्स कार्ड."

मामांना ते समजावताना त्याचा एक तास गेला. एवढ्या वेळात त्याने पोरांना अख्खा प्रकाशाचा धडा शिकवला असता. शेवटी सासूबाईंनी, तुळजामामींनी फोन घेतला आणि मुद्द्याचं विचारलं.

"त्याला जाळी हाय का?"

अधिकाचं वाण जाळीदार लागतं. अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक, सगळं कसं छिद्राछिद्राचं. मामी त्याबाबतीत इकडचं तिकडं होऊ द्यायच्या नाहीत.

"हाय की मामी! तीन पंखे असतात अन् वरून सगळी जाळीच जाळी!"

"मंग चालतंय," मामींनी मंजुरी दिली. मागून मामांचा आवाज आला, "नांदेडच्या कॉम्प्युटरवाल्या हनीफभाईला दोन सांगतो. दोघा जावयांत डावं-उजवं करायचं न्हाई आपल्याला."

सुदर्शनचा आनंद तिथेच विझला. दोन! म्हणजे तेच कार्ड दयानंदलाही. त्याच्या नव्या मशीनमध्ये ते आणखी पळणार, आणि इकडे आपण पुन्हा भिंतीलाच! त्याला जेवण गोड लागेना.

"काय झालं ओ?" बायकोने, सुकन्याने विचारलं.

"दयानंदला कशाला पाहिजे? आहे की त्याचं चांगलं!"

"तुमाला मिळायलंय ना? मंग तुमच्या पोटात कामून दुखायलंय?"

सुदर्शनने गच्चीवर जाऊन दयानंदला फोन लावला. "दयानंदराव, तुमच्या भल्यासाठी सांगतो. आत्ता कार्ड घेऊ नका. पंधरा दिवसांत नवीन येणार आहे, जुन्याला कुत्रं विचारणार नाही. थांबा."

ही पंधरा दिवसांची बातमी त्याने गच्चीवरच, वाळवणाकडे बघत तयार केली होती.

"आसं व्हय? मंग तुमी कामून घ्यायलाव भाऊ?"

"मामांचं मन मोडवत नाही हो."

पलीकडून दयानंद म्हणाला, "भाऊ, तुमचं मन लई मोठं हाय."

ठरल्या दिवशी सगळे अर्धापूरला जमले. वाडीवस्तीवरचे भाऊबंदही आले होते. पाटावर बसताच सुदर्शनने वाणाकडे पाहिलं. दयानंदचा खोका सीलबंद होता. पण थोरल्या जावयाचा मान म्हणून मामींनी सुदर्शनचा खोका फोडून कार्ड बाहेर काढलं होतं. तांब्याच्या ताटात ते आडवं ठेवलं होतं. त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, आणि जाळीवर तुपात नुकतेच तळलेले, खसखस लावलेले तेहतीस अनारसे रचलेले. वर दिवा.

"मामी, ते... त्याच्यावर तूप..."

"साजूक हाय! सोवळ्यात तळलेत, चिंता करू नका," मामी म्हणाल्या आणि त्यांनी मायेने आणखी एक बोट कुंकू लावलं, नेमकं मधल्या पंख्याला.

अनारशांमधून तूप शांतपणे खाली झिरपत होतं. एवढ्यात दयानंदने हात जोडले.

"मामा, माझं तेवढं वापस करा. थांबण्यात फायदा हाय, आसं भाऊ म्हणलेत."

सगळी पंगत सुदर्शनकडे बघायला लागली. "सांगा की सुदर्शनराव," मामा म्हणाले. "तुमी शिकलेले. आमाला केळीतलं कळतंय. घड तयार झाला की कापायचा, थांबलं की काळा पडतो. ह्याच्यात कसं असतंय?"

आता माघार कशी घेणार? क्लासमधला मास्तर जागा झाला. सुदर्शनने तंत्रज्ञान कसं पळतं, आज घेणारा कसा फसतो आणि थांबणारा कसा शहाणा ठरतो, हे असं काही समजावलं की एका भाऊबंदाने ट्रॅक्टर घ्यायचा बेत जागच्या जागी पुढे ढकलला.

"वा!" मामांनी मांडीवर थाप मारली. "मंग तुमचं बी वापस करू. धोंड्याला जावयाच्या हातात पडत्या भावाची वस्तू द्यायची, ह्याच्यात कसलं पुण्य?"

"नको!" सुदर्शन जवळजवळ ओरडलाच. "म्हणजे, पूजा झालीय मामा. मी सोसतो."

मामांनी हनीफभाईला फोन लावून आवाज मोठा केला. पलीकडून हनीफभाई म्हणाले, "सील शाबूत हाय ना सटवाजीभाऊ? मग घेऊन या, वापस घेतो. खोललेलं मात्र नाही जमणार."

"एक खोललंय. कुंकू लावलंय त्याला."

"कार्डाला कुंकू?"

"आन् अनारसे हायेत वर."

मग हनीफभाई अदबीने म्हणाले, "तो फिर वो दामादसाबकोच मुबारक."

सुदर्शनच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तूप लागलं तर लागलं, पण कार्ड आपल्याकडे आणि दयानंदचे हात रिकामे! या आनंदात त्याने चार धोंडे जास्त खाल्ले. मामी म्हणाल्या, "किती सोशिक जावई हाय माझा."

लातूरला परतल्यावर दोन दिवस तो जुना दातांचा ब्रश घेऊन कार्ड पुसत होता. कुंकू निघालं. तूप बरंचसं निघालं. खसखस मात्र निघता निघेना. शेवटी रविवारी त्याने कार्ड बसवलं, देवाचं नाव घेतलं आणि गेम सुरू केला. गाडी सुसाट निघाली! सुदर्शनच्या डोळ्यांत पाणी आलं.

दहा मिनिटांत कार्ड तापलं, आणि घरभर तुपा-गुळाचा वास सुटला. पंखे तडतड वाजू लागले. दारातून सुकन्या ओरडली, "अहो, शेजारच्या सिंधुताई इचारायल्यात, आपल्याकडं अनारसे तळायलेत का म्हणून! काय सांगू?" आणि कॉम्प्युटर फट्दिशी बंद पडला. थंड झाल्यावर चालू केला तर पुन्हा दहा मिनिटं चालला, पुन्हा वास, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला सिंधुताई वाटी घेऊनच आल्या.

तेवढ्यात दयानंदचा व्हिडिओ कॉल आला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"भाऊ, तुमी माणूस न्हाईत, देवमाणूस हाव! आत्ता हनीफभाईकडं खोका वापस द्यायला आलो तर ते म्हणले, आजच नवीन आलंय, दुप्पट ताकदीचं. आन् किंमत तीच! बदलून दिलं की! तुमी पंधरा दिवस म्हणलाव, हे आठव्या दिवशीच आलं!"

ती बातमी सुदर्शनची होती! त्याने ती वाळवणाकडे बघत बनवली होती!

"तुमचं कसं चालायलंय भाऊ?"

"एकदम... खमंग," सुदर्शन कसाबसा म्हणाला. त्याच्या नाकाच्या शेंड्याला खसखशीचा एक दाणा चिकटला होता.

दयानंद जरा घुटमळला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, एक बोलू? राग मानू नका. मला तुमचा लई हेवा वाटायलाय. तुमचं मामींनी हातानं पुजलं. कुंकू लावलं, वाण ठेवलं. माझं आपलं दुकानातून तसंच घरी चाललं. आमची ही, वर्षाराणी बी म्हणली, थोरल्याचाच मान झाला. त्या दिवसापासनं झोप न्हाई मला."

सुदर्शन खुर्चीत ताठ बसला. कितीतरी दिवसांनी त्याच्या जिवाला थंडावा मिळाला. त्याने नाकावरचा दाणा हळूच पुसला.

"एवढंच ना?" तो मायेने म्हणाला. "अजून महिना सरला नाही, दयानंदराव. खोका फोडा आणि कार्ड घेऊन जा अर्धापूरला. मामींना म्हणावं, माझंही पुजा. तेहतीस अनारसे. जाळीवरच ठेवायचे बरं का, आणि गरम गरम."

"भाऊ! मंग पुढच्या रविवारी जाऊ का?"

"छे, छे!" सुदर्शन म्हणाला. "थांबू नका. आजच जा."