निळ्यावर उतारा

माई लेकीकडे गेल्या आणि त्याच दुपारी नानांनी गॅलरीतलं रंगांचं सामान उचलून बैठकीच्या खोलीत आणलं. वास्तविक रंग गॅलरीच्या अलीकडे येता कामा नयेत, या एकाच अटीवर माईंनी त्यांना चित्रकलेच्या वर्गाला जाऊ दिलं होतं. घरात रंगाचा एक थेंब दिसला की क्लास बंद, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि माई बोलल्या म्हणजे तसंच करतात, हा नानांचा लग्नापासूनचा अनुभव होता. पण गॅलरीत वारा फार. कागद फडफडतो, रंग वाळतात. शिवाय बघायला आहे कोण?

नानांचं सगळं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलं होतं. पांढऱ्यावर काळं, आणि चूक दाखवायला लाल शाई, एवढेच रंग त्यांच्या वाट्याला आले. त्यामुळे निवृत्तीनंतर नवशिक्यांच्या वर्गात बाईंनी लाल आणि पिवळा एकत्र करून नारिंगी काढून दाखवला, तेव्हा नाना पोरासारखे खुदकन हसले होते. आता आठवड्यातला एक दिवस ते वर्गात असायचे आणि उरलेले दिवस त्या दिवसाची वाट बघत काढायचे. इतकं आवडणारं काही त्यांना पूर्वी कधी मिळालंच नव्हतं.

त्या आठवड्याचा गृहपाठ होता रंगचक्र. नानांनी ब्रश निळ्यात बुडवला, कागदावर टेकवला, पण रंग नीट उतरेना. मग त्यांनी जन्मभराच्या सवयीने तो हातातल्या हातात झटकला. शाई अडली की पेन असंच झटकायचं असतं. पेनातून एखादा ठिपका उडतो. भरल्या ब्रशातून उडाले ते समोरच्या भिंतीवर सरळ रांगेत जाऊन बसले.

भिंतीचा रंग सायीसारखा होता. माईंनी तो पुष्कळ दिवस खल करून निवडला होता. नानांनी ओलं फडकं मारलं, तसे ठिपके पसरून त्यांचा एक ऐसपैस निळा पट्टा झाला.

आता एखाद्याने सरळ रंगारी बोलावला असता. पण नाना शिकत होते, आणि शिकणारा माणूस सहसा सोपा उपाय करत नाही. चक्रात समोरासमोर बसणारे रंग एकमेकांत मिसळले की एकमेकांचा तोरा उतरवतात, असं बाईंनी सांगितलं होतं. निळ्याच्या समोर कोण? नारिंगी. म्हणजे निळ्यावर उतारा ठरलेलाच होता. नानांनी झकास नारिंगी तयार केला आणि निळ्या पट्ट्यावर फिरवला. बाईंचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. निळ्याचा तोरा उतरला, नारिंगीचाही उतरला आणि भिंतीवर चिखल उरला. त्यावर पांढरा चढवला, तर चिखलाची राख झाली.

मग नाना रंगांच्या दुकानात गेले. दुकानदाराने शेड विचारली.

"शेड नको. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा द्या," नाना म्हणाले. "तीन रंगांतून जगातला कुठलाही रंग काढता येतो."

"घर कुणाचं आहे?"

"माझंच."

"मग हरकत नाही," म्हणून दुकानदाराने डबे काढून दिले.

घरी नानांनी बादलीत पांढरा ओतला, त्यात पिवळा घातला. पिवळा जरा चढला, तो खाली आणायला चिमूटभर जांभळा केला. जांभळा जास्त झाला म्हणून पिवळा वाढवला. मध्येच निळ्याच्या डब्यातून घसघशीत धार पडली, तिच्यावर पांढरा आणि पिवळा ओतावा लागला. प्रत्येक चूक दुरुस्त होत होती आणि बादली भरत होती. अखेर रंग हुबेहूब जुळला. नानांनी तो डागावर लावला आणि समाधानाने चहा प्यायला गेले. येऊन बघतात तो वाळलेला रंग वेगळाच. चांगला हिरवट चौकोन भिंतीवर बसला होता.

चूक दिसली की नानांचे हात शिवशिवायचे. चौकोन वेगळा दिसतो ना, मग सगळी भिंतच त्या रंगाची केली की झालं. त्यांनी भिंत रंगवली, मागे सरकून पाहिलं, आणि आता शेजारच्या भिंती लाजल्यासारख्या गुलाबी दिसू लागल्या. त्यांनी घाबरून बाईंना फोन लावला.

"वा, वा," बाई मनापासून खूश झाल्या. "हे तर मी पुढच्या महिन्यात शिकवणार होते. रंग तोच असतो हो. शेजारी कोण बसलंय, त्यावर तो कसा दिसतो ते ठरतं."

"यावर उपाय काय?"

"उपाय कशाला करायचा? चित्रात तीच तर गंमत आहे."

आपलं चित्र म्हणजे राहती खोली आहे, हे सांगायचं धाडस नानांना झालं नाही. त्यांनी बाकीच्या भिंतीही रंगवून टाकल्या. बादली होतीच भरलेली. सगळीकडे एकसारखा रंग झाल्यावर वेगळं असं काही दिसेना. त्यांनी सामान जागेवर लावलं, खिडक्या सताड उघडल्या आणि मगच त्यांच्या जिवात जीव आला.

माई परतल्या त्या भर दुपारी. आल्या आल्या त्यांनी नाक मुरडून गॅलरीकडे पाहिलं, पण वासाबद्दल काही बोलल्या नाहीत. भिंतींकडे तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. नाना मनातल्या मनात बाईंना धन्यवाद देत होते, तेवढ्यात माईंची नजर पडद्यांवर गेली.

"अहो, पडद्यांना काय केलंत तुम्ही?"

पडदे फिकट विटकरी होते, माईंनी स्वतः शिवलेले. हिरवट भिंतींच्या सोबतीने ते आता चांगले लालभडक दिसत होते.

"धुतले," नानांनी ठोकून दिलं.

"धुतल्यावर कापड विटतं. भडक कसं होईल? रंगात बुडवलेत की काय?"

माईंनी पडदा खाली उतरवला आणि गॅलरीत नेऊन उजेडात धरला. तिथे तो नेहमीचा, फिकट विटकरी. स्वयंपाकघरात नेला, तिथेही तसाच. बैठकीत आणला की पुन्हा लाल. दोनतीन फेऱ्या झाल्यावर त्या पडदा मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज एकदम उतरला होता.

"पडद्यात काही नाही. माझ्याच डोळ्यांना काहीतरी झालंय. आईचंही असंच सुरू झालं होतं."

आता नानांनी फक्त गप्प बसायचं होतं. क्लास वाचला असता, त्यांचा तो आठवड्यातला एक दिवस वाचला असता. पण माईंचा चेहरा घाबराघुबरा झाला होता, आणि तो नानांना बघवेना.

"डोळे ठणठणीत आहेत तुझे," ते म्हणाले. "भिंत बिघडलीये. मी बिघडवलीये."

मग त्यांनी सगळं सांगितलं. झटकलेल्या ब्रशापासून बाईंच्या फोनपर्यंत. माईंनी मान वळवून एकेक भिंत पाहिली. त्यांचा आधी विश्वास बसला, मग राग आला आणि मग हसू येऊ लागलं, ते त्यांनी पदरात दाबलं.

"म्हणजे आता क्लास बंद," नाना स्वतःच म्हणाले.

"बंद कसला? अर्धवट शिकलेला माणूस घरात ठेवून मला काय उरलेल्या खोल्या घालवायच्यात?" माई उठल्या. "माझा पहिला रंग होता तस्सा करून द्यायचा. विकतचा चालणार नाही. तो जमेपर्यंत क्लास सोडायचा नाही, सांगून ठेवते."

नाना गॅलरीत आले. बशीत पांढरा घेतला, पिवळ्याचं टोक लावलं, कणभर लाल घातला आणि सहज ढवळलं. ते वाळेपर्यंत थांबून त्यांनी बशी स्वयंपाकघराच्या जुन्या भिंतीशी नेऊन धरली. बशी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, ते कळेना. सायीचा तोच रंग, जसाच्या तसा.

रंग जमला, म्हणजे नानांचा क्लास संपला. छापखान्यात त्यांनी एकही चूक कधी पुढे जाऊ दिली नव्हती. माईंची पाठ आपल्याकडे आहे ना, हे त्यांनी बघून घेतलं, गॅलरीत परत आले, नवा रंग कालवला आणि त्यात निळ्याचा एक थेंब टाकला.